केक फुगतो कसा?

मैदा, साखर, लोणी आणि अंडी या चार जिनसा ओट्यावर मांडून पाहा. मैदा म्हणजे कोरडी भुकटी. साखर टणक, लोणी तुपकट आणि अंडे बुळबुळीत. यांपैकी एकही जिन्नस हलका नाही की लुसलुशीत नाही. पण हेच चार जिन्नस एकत्र फेटले आणि भट्टीत ठेवले, की पाऊण तासाने बाहेर येतो तो दुप्पट फुगलेला, बोटाने दाबला तर पुन्हा वर येणारा केक! कापून पाहिला तर आत असंख्य बारीक छिद्रे दिसतात. इडलीला, ढोकळ्याला किंवा अनारशाला जाळी पडली असे आपण म्हणतो, तशीच ही जाळी. ती पडते कशी?

घरी केक करणाराला आणखी एक प्रश्न पडतो. वाढदिवसाला घरची सगळी मंडळी जमतात. आजी अंडे खात नाही. एखाद्या मैत्रिणीला अंड्याने अंगावर पित्त उठते. एखाद्या भावंडाला डॉक्टरांनी गव्हाचे पदार्थ कायमचे बंद केलेले असतात. मग त्यांनी नुसते टाळ्या वाजवून घरी जायचे का? तसे मुळीच नाही. केकमधला प्रत्येक जिन्नस काही ठराविक काम करतो. ते काम कोणते हे एकदा कळले, म्हणजे तेच काम दुसऱ्या जिनसाकडून करून घेता येते. हे कसे ते या लेखात पाहू.

चार जिन्नस, दोन बाजू

इंग्लंडमध्ये पूर्वीपासून ‘पाउंड केक’ नावाचा एक केक करतात. त्याची कृती लक्षात ठेवायला फार सोपी आहे. मैदा, साखर, लोणी आणि अंडी, प्रत्येक एक पाउंड, म्हणजे सुमारे ४५४ ग्रॅम. अर्थात चारही जिन्नस समभाग!

या चौघांत दोन बाजू पडतात. मैदा आणि अंडी हे केक उभा करणारे जिन्नस. त्यांतील पिष्ट व प्रथिने यांच्यापासून केकच्या भिंती तयार होतात. लोणी आणि साखर हे केक मऊ करणारे जिन्नस. ते भिंतींना फार कडक होऊ देत नाहीत. पहिल्या बाजूचा जोर जास्त झाला तर केक कोरडा व चिवट होतो. दुसऱ्या बाजूचा जोर जास्त झाला तर तो खचतो. चांगला केक म्हणजे या दोन बाजूंचा तोल होय.

पण नुसत्या भिंतींनी केक हलका होत नाही. भिंतींच्या मधे पोकळी हवी. ती करण्याचे काम वायूंचे.

पहिले बुडबुडे

लोणी आणि साखर एकत्र फेसताना नीट पाहा. पिवळसर लोणी हळूहळू पांढरट दिसू लागते आणि आकाराने वाढते. साखरेचे कण कडांना धारदार असतात. ते लोण्यातून फिरताना आपल्याबरोबर हवा ओढून नेतात आणि लोण्यात हवेचे अतिसूक्ष्म बुडबुडे अडकतात. पांढरटपणा येतो तो या बुडबुड्यांवरून प्रकाश विखुरल्यामुळे. साखरेऐवजी पाक घेतला तर लोणी असे फुलत नाही, कारण पाकाला कडा नाहीत.

अंडी फेटली तरीही हेच घडते. तेथे हवेभोवती प्रथिनांचा पातळ पडदा तयार होतो आणि फेस टिकून राहतो.

आता एक महत्त्वाची गोष्ट. भट्टीत गेल्यावर केकमध्ये नवे बुडबुडे जवळजवळ तयार होत नाहीत. फेटताना जे बुडबुडे शिरले, तेच तेथे मोठे होतात. सोडा किंवा बेकिंग पावडर यांपासून निघणारा वायूसुद्धा या आधीच्या बुडबुड्यांतच जाऊन बसतो. म्हणून ज्या पिठात पुष्कळ व बारीक बुडबुडे, त्या केकची जाळी बारीक. ज्यात थोडे व मोठे, त्याची जाळी भरड.

बेकिंग पावडर निघण्यापूर्वी सगळा भार फेटण्यावरच होता. हॅना ग्लास या इंग्रज लेखिकेचे पाककृतींचे पुस्तक १७४७ साली प्रसिद्ध झाले. त्यात पाउंड केकसाठी सर्व जिन्नस हाताने किंवा मोठ्या लाकडी चमच्याने तासभर फेटावेत असे सांगितले आहे. तासभर! त्या काळच्या स्वयंपाकिणींचे हात काय दुखत असतील याची कल्पना करा.

बुडबुडे मोठे करणारे तीन वायू

भट्टीत बुडबुडे फुगतात ते तीन वायूंमुळे.

पहिला वायू म्हणजे आत अडकलेली हवा. दाब तोच राहिला तर वायूचे आकारमान केवल तापमानाच्या प्रमाणात वाढते, हा चार्ल्सचा नियम तुम्ही शिकला असाल. पीठ भट्टीत ठेवताना २७ अंश सेल्सियस, म्हणजे ३०० केल्विन आहे असे धरा. ते ९७ अंशांपर्यंत, म्हणजे ३७० केल्विनपर्यंत तापले. तर १०० घनसेंटिमीटर हवेची सुमारे १२३ घनसेंटिमीटर हवा होईल. ही वाढ काही थोडी नाही, पण केक दुप्पट व्हायला ती पुरत नाही.

दुसरा वायू पाण्याची वाफ. अंडी, दूध, लोणी या सर्वांत पाणी असते. एक ग्रॅम पाण्याची १०० अंशांना वाफ झाली तर ती सुमारे १,७०० घनसेंटिमीटर जागा व्यापते. केकमधील पाण्याचा थोडासाच भाग बुडबुड्यांत वाफ होऊन शिरतो, तरी त्याने मोठा फरक पडतो.

तिसरा वायू कार्बन डाय-ऑक्साइड. तो खाण्याच्या सोड्यापासून, म्हणजे सोडियम बायकार्बोनेटपासून मिळतो. सोड्याला आम्ल मिळाले की हा वायू लगेच निघू लागतो. तो किती निघतो याचा हिशेब करून पाहू. सोड्याचा रेणुभार ८४. तेव्हा ८४ ग्रॅम सोड्यापासून, आम्ल पुरेसे असेल तर, ४४ ग्रॅम कार्बन डाय-ऑक्साइड निघतो. ४.२ ग्रॅम सोडा, म्हणजे साधारण एक सपाट छोटा चमचा, घेतला तर २.२ ग्रॅम वायू मिळेल. नेहमीच्या तापमानाला त्याचे आकारमान सव्वा लिटरच्या आसपास भरते! एवढ्याशा पांढऱ्या भुकटीत दुधाच्या मोठ्या पिशवीपेक्षाही जास्त वायू दडलेला असतो.

आम्ल नसेल तर काय होईल? सोडा नुसत्या उष्णतेनेही विघटित होतो. पण मग वायू निम्माच निघतो आणि मागे सोडियम कार्बोनेट, म्हणजे धुण्याचा सोडा उरतो. केकला साबणासारखी कडवट चव येते ती याच्यामुळे. ढोकळ्यावर कधी कधी लाल ठिपके दिसतात ना? पिठात नीट न मिसळलेल्या सोड्याने तेथील हळद लाल केलेली असते. हळद ही अल्कली ओळखण्याची घरगुती कसोटीच आहे. म्हणून सोड्याबरोबर दही, ताक, लिंबू किंवा व्हिनेगर यांपैकी काहीतरी आंबट हवेच.

औषधविक्रेत्याने शोधलेली पावडर

सोडा आणि आंबट दूध वापरण्यात एक अडचण होती. दूध किती आंबट आहे हे कोणी मोजून सांगू शकत नसे. त्यामुळे केक कधी फुगे, कधी बसे. शिवाय दोन्ही एकत्र आले की वायू लगेच निघू लागे, आणि पीठ भट्टीत जाईपर्यंत त्यातला बराच उडून जाई.

हा प्रश्न सोडवणाऱ्यांपैकी एक होते आल्फ्रेड बर्ड. इंग्लंडमधील बर्मिंगहॅम शहरात त्यांचे औषधांचे दुकान होते. त्यांच्या पत्नीला अंडी सोसत नसत आणि यीस्ट घालून फुगवलेला पावही सोसत नसे. बर्ड यांनी १८३७ साली मक्याचे पीठ वापरून बिनअंड्याचे कस्टर्ड केले. आज घरोघरी फळांबरोबर खाल्ले जाणारे पावडरचे कस्टर्ड ते हेच. पुढे १८४३ साली त्यांनी यीस्टशिवाय पाव फुगवणारी पावडर तयार केली. सोडा आणि कोरडे आम्ल एकत्र करायचे व त्यांत पिष्ट मिसळायचे, अशी ही युक्ती. कोरडेपणी आम्ल आणि सोडा एकमेकांच्या वाटेला जात नाहीत. मधले पिष्ट हवेतील ओल शोषून घेते आणि दोघांना अलग ठेवते. पाणी लागले की मात्र क्रिया सुरू होते. हीच बेकिंग पावडर.

पुढे अमेरिकेत एबेन हॉर्सफर्ड या रसायनशास्त्रज्ञाने कॅल्शियमचे आम्लधर्मी फॉस्फेट वापरून अशी पावडर बनवण्याची रीत काढली आणि १८५६ मध्ये तिचे पेटंट घेतले. आज मिळणाऱ्या बहुतेक बेकिंग पावडरींत दोन प्रकारची आम्ले असतात. एक ओलाव्याने काम करते, दुसरे उष्णतेने. त्यामुळे थोडा वायू भांड्यात निघतो आणि बाकीचा भट्टीत.

या साऱ्या कथेत लक्षात ठेवण्याजोगी गोष्ट ही, की बर्ड यांचे दोन्ही शोध घरातल्या एका माणसाला सगळ्यांबरोबर जेवता यावे म्हणून लागले.

भिंती कशाच्या?

बुडबुडे मोठे झाले तरी त्यांच्या भिंती मजबूत नसतील तर ते फुटतील आणि वायू निघून जाईल. गव्हाचे वैशिष्ट्य येथे उपयोगी पडते.

मैद्याचा घट्ट गोळा मळा. अर्धा तास ठेवा. मग पाण्याच्या भांड्यात तो हलक्या हाताने दाबत दाबत धुवा. पाणी दुधासारखे पांढरे होईल. पाणी बदलत राहा. शेवटी हातात रबरासारखा, ओढला तर ताणणारा एक चिकट गोळा उरेल. हे ग्लुटेन. पांढऱ्या पाण्यात टिंक्चर आयोडिनचा एक थेंब टाका. ते निळेकाळे होईल, कारण त्यात पिष्ट आहे. इटलीतील बोलोन्या येथील बेक्कारी या शास्त्रज्ञाने गव्हाच्या पिठातून ग्लुटेन असे वेगळे काढून १७२८ साली त्याची माहिती विद्वानांच्या सभेपुढे मांडली होती. तोच प्रयोग तुम्ही घरी केलात!

गव्हात ग्लुटेनिन आणि ग्लायडिन अशी दोन प्रथिने असतात. पाणी घालून मळल्यावर ती एकमेकांत गुंतून ग्लुटेनचे जाळे तयार होते. पुरणपोळीची कणीक आई इतका वेळ का तिंबते? जाळे चांगले तयार व्हावे आणि पोळी लाटताना पुरण बाहेर न येता कणीक ताणली जावी म्हणून. पण केकला असे घट्ट जाळे नको असते. म्हणून मैदा घातल्यावर पीठ फार घोटायचे नाही, हलक्या हाताने मिसळायचे. लोणी व तेलही येथे मदतीला येतात. शंकरपाळ्यांना मोहन घातले की त्या खुसखुशीत होतात, कारण तूप पिठाच्या कणांवर पसरून ग्लुटेनला लांब धागे करू देत नाही. केकमधील लोण्याचे हेच काम.

भट्टीतील शर्यत

आता सगळे सैन्य तयार आहे. पीठ भट्टीत गेले. तेथे एक शर्यत सुरू होते. एकीकडे बुडबुडे फुगत असतात, दुसरीकडे भिंती घट्ट होत असतात. भिंती लवकर घट्ट झाल्या तर केक पुरता फुगण्याआधीच अडतो. मग आतील वायू वरची पापडी फोडून बाहेर येतो आणि मधोमध तडा जातो. भट्टी फार तापलेली असली की असे होते. उलट भिंती उशिरा घट्ट झाल्या तर बुडबुडे फुगून फुटतात आणि केक मध्यभागी खचतो. भट्टी गार असली, सोडा जास्त पडला किंवा अर्धवट भाजलेला केक पाहण्यासाठी भट्टीचे दार उघडले, तर हे घडते.

अंड्याचा पांढरा भाग ६० ते ७० अंशांच्या दरम्यान घट्ट होऊ लागतो. गव्हातील पिष्टही पाण्यात साधारण ६० अंशांच्या आसपास फुगू लागते. मग केक इतक्या लवकर का बसत नाही? कारण साखर! साखर पाण्याला आपल्याकडे धरून ठेवते, त्यामुळे पिष्टाला व प्रथिनांना घट्ट व्हायला अधिक तापमान लागते. भरपूर साखर असलेल्या केकमध्ये पिष्टाचे फुगणे ८० अंशांच्याही वर जाते. बुडबुड्यांना फुगायला जी सवड मिळते ती अशी साखर देते. म्हणजे साखरेचे काम नुसते गोडीचे नव्हे. केकमधील साखर मनाला येईल तशी कमी केली की तो का बिघडतो, याचे हे उत्तर आहे.

उंच ठिकाणी या शर्यतीचे नियम थोडे बदलतात. महाबळेश्वर समुद्रसपाटीपासून सुमारे १,३५० मीटर उंच आहे. तेथे हवेचा दाब कमी असल्याने पाणी ९५ ते ९६ अंशांनाच उकळते आणि बुडबुडे अधिक जोराने फुगतात. तेथे केक करणाराने सोडा थोडा कमी घालणे चांगले.

ऑक्सफर्डचे पदार्थवैज्ञानिक निकोलस कुर्ती हे अतिशीत तापमानावरील संशोधनाबद्दल प्रसिद्ध होते. १९६९ साली लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये त्यांनी स्वयंपाकघरातील पदार्थविज्ञानावर व्याख्यान दिले. शुक्राच्या वातावरणाचे तापमान आपण मोजतो, पण आपल्याच भट्टीत फुगणाऱ्या पदार्थाच्या पोटात काय चालले आहे ते आपल्याला ठाऊक नसते, ही खंत त्यांनी बोलून दाखवली होती.

भट्टी नसेल तर?

केक साधारण १८० अंशांना भाजतात. पण केकच्या आतील भाग १०० अंशांच्या वर जात नाही, कारण तेथे पाणी असते. वरचा पृष्ठभाग मात्र सुकतो आणि बराच जास्त तापतो. तेथे साखर व प्रथिने यांची परस्परांवर क्रिया होऊन तांबूस रंग आणि खमंग वास येतो. फ्रेंच शास्त्रज्ञ लुई कामिय माय्यार यांनी १९१२ साली या क्रियेचे वर्णन केले, म्हणून तिला माय्यार क्रिया म्हणतात. इडली व मोदक वाफेवर शिजतात, तेथे तापमान १०० अंशांच्या वर जात नाही, म्हणून ते पांढरेच राहतात.

तेव्हा खरपूस केकला कोरडी उष्णता हवी, तीही वरून व खालून. कोकणात तवशाचे धोंडस करताना पातेल्याखाली आणि झाकणावरही निखारे ठेवण्याची रीत आहे. गोव्यातील बेबिंकाचा एकेक थर असाच वरून निखाऱ्यांची धग देऊन भाजतात. पहिला थर तांबूस झाल्यावर त्यावर दुसरा ओततात. त्यामुळे कापल्यावर फिकट आणि तांबूस पट्टे एकाआड एक दिसतात.

घरोघरी जाड पातेल्यात किंवा कुकरमध्ये वाळूचा थर पसरून त्यावर केकचे भांडे ठेवतात. वाळू हळूहळू तापते, उष्णता धरून ठेवते आणि भांड्याचे बूड एके ठिकाणी करपू देत नाही. मात्र कुकर वापरायचा असेल तर आधी त्याची माहितीपुस्तिका वाचा. असा उपयोग करू नये असे तीत लिहिले असेल तर जाड बुडाचे पातेलेच घ्या. कुकरची शिट्टी आणि झाकणाचे रबर दोन्ही काढून ठेवलीच पाहिजेत. येथे आपल्याला दाब नको आहे, आणि रबर कोरड्या उष्णतेत जळते. हे काम मोठ्या माणसांच्या देखरेखीखालीच करावे.

अंडे नको असेल तर

अंड्याची कामे मोजू या. ते पाणी पुरवते, फेटल्यावर हवा धरते, पिवळ्या बलकातील लेसिथिनमुळे तेल व पाणी एकत्र ठेवते आणि तापल्यावर घट्ट होऊन भिंतींना बळ देते. हे सर्व करणारा दुसरा एकच जिन्नस मिळणे कठीण. पण कामे वाटून देता येतात. दह्यातून पाणी, प्रथिने आणि सोड्याला लागणारे आम्ल मिळते. आटवलेल्या दुधातून प्रथिने व साखर मिळते. जवसाची पूड तिप्पट पाण्यात भिजवली की बुळबुळीत लगदा होतो आणि तो पीठ बांधून धरतो. काबुली चणे शिजवल्यावर उरणारे दाट पाणी तर अंड्याच्या पांढऱ्या भागासारखे फेटून फेस करता येते! फ्रान्समधील जोएल रोसेल यांनी २०१४ मध्ये ही गोष्ट दाखवून दिल्यावर ती जगभर पसरली.

गहूच चालत नसेल तर

काही माणसांना ग्लुटेन मुळीच चालत नाही. ते पोटात गेले की त्यांच्या लहान आतड्याच्या अस्तराला इजा होते, अन्न अंगी लागत नाही, मुलांची वाढ खुंटते. या विकाराला सीलिअॅक असे म्हणतात. याचे कारण गहू आहे हे डच बालरोगतज्ज्ञ विलेम डिके यांनी ओळखले. दुसऱ्या महायुद्धात, १९४४-४५ च्या हिवाळ्यात, हॉलंडमध्ये भीषण अन्नटंचाई झाली. पाव मिळेनासा झाला. इतर मुले उपासमारीने खंगत असताना या विकाराची मुले मात्र सुधारली, आणि पाव पुन्हा मिळू लागताच ती पुन्हा आजारी पडली. डिके यांनी पुढे काटेकोर तपासण्या करून १९५० साली आपला प्रबंध सादर केला. आजही या विकारावर ग्लुटेन पूर्ण वर्ज्य करणे हाच उपाय आहे.

अशा भावंडासाठी केक करायचा तर तांदूळ, ज्वारी किंवा नाचणी यांचे पीठ घ्यावे लागते. त्यांत ग्लुटेन नाही, म्हणजे भिंतींचा एक आधार गेला. तो अंड्याने भरून काढता येतो. अंडेही नको असेल तर थोडा इसबगोल घालतात. तो पाणी शोषून चिकट होतो आणि वायूला अडवून धरतो. केक थोडा ठिसूळ होईल, पण होईल.

येथे एक सावधगिरी अत्यंत महत्त्वाची आहे. रवा, शेवया, मैदा आणि कणीक हे सगळे गहूच. बांधणीच्या हिंगात पुष्कळदा गव्हाचे पीठ असते, काही बेकिंग पावडरींतही असते. ज्या गिरणीत आधी गहू दळला तेथेच ज्वारी दळून आणली तर तिच्यात गव्हाचे पीठ येणारच. सीलिअॅकच्या माणसाला एवढेसेही बाधते. तेव्हा पीठ वेगळे दळलेले, भांडी स्वच्छ आणि चाळणीही वेगळी हवी. ज्याला अंड्याची किंवा दुधाची अॅलर्जी आहे त्याच्या बाबतीतही हीच काळजी घ्या. ‘थोडेसे खाल्ले तर काय होते’ असा आग्रह कधीही करू नका.

करून पाहा

प्रयोग १ : तीन वाट्या. तीन सारख्या वाट्यांना आतून तेलाचा हात लावा. प्रत्येकीत मैदा ३ मोठे चमचे, पिठीसाखर दीड चमचा आणि तेल १ चमचा घ्या. पहिल्या वाटीत ३ चमचे दूध घाला. दुसरीत तेवढेच दूध आणि दोन चिमटी सोडा. तिसरीत दुधाऐवजी ३ चमचे पातळ केलेले आंबट दही आणि दोन चिमटी सोडा. हलकेच मिसळून इडलीप्रमाणे १५ मिनिटे वाफवा. कोणता केक किती उंच झाला ते पट्टीने मोजा. कापून जाळी पाहा. मग दुसऱ्याच्या व तिसऱ्याच्या तुकड्यावर ओली हळद लावा. कोणती लालसर झाली? का? निरीक्षणे वहीत लिहा.

प्रयोग २ : सगळ्या घरासाठी बिनअंड्याचा केक. २४० मिलिलिटरच्या कपाने मोजा. १ कप घट्ट दही आणि पाऊण कप साखर साखर विरघळेपर्यंत फेटा. त्यात सव्वा छोटा चमचा बेकिंग पावडर आणि अर्धा चमचा सोडा घालून पाच मिनिटे ठेवा. दही फसफसून वर येईल, हेच तुमचे पहिले बुडबुडे. अर्धा कप तेल आणि थोडा व्हॅनिला इसेन्स घाला. मग दीड कप मैदा दोन-तीन वेळा चाळून थोडा थोडा मिसळा. फार घोटू नका. तेल लावलेल्या भांड्यात ओतून आधी तापवलेल्या भट्टीत १८० अंशांना ३५ ते ४० मिनिटे भाजा. मध्यभागी खुपसलेली सुरी कोरडी निघाली की केक झाला. गार होईपर्यंत कापू नका, कारण गरम असताना भिंती अजून नाजूक असतात.

पुढच्या वेळी यातील एकच गोष्ट बदला. दही कमी आंबट घ्या, किंवा मैद्याऐवजी कणीक घ्या, किंवा मैदा घातल्यावर मुद्दाम पाच मिनिटे जास्त घोटा. एका वेळी एकच गोष्ट बदलली, तरच झालेला फरक कशामुळे झाला हे निश्चित सांगता येते. आणि केक करायला घेण्यापूर्वी, जेवायला येणाऱ्यांपैकी कोणाला काय चालत नाही ते आठवणीने विचारून घ्या.